तीन कोटेशने आणि एक वॉरंटी

आमच्या कचेरीत छताचा पंखा बंद पडला, की तो बदलायला तीन कोटेशने मागवावी लागतात. मग तुलनात्मक तक्ता, मग नोटिंग, मग साहेबांची सही, मग लेखा विभागाची शंका, आणि शंकेचे निरसन होईपर्यंत थंडी सुरू झालेली असते. लोक यावर हसतात. हसोत बापडे. वीस वर्षे कारकुनी केल्यावर मी ही थट्टा मनावर घेत नाही. पण दोन-अडीच हजारांच्या पंख्यासाठी तीन कोटेशने मागणारा हाच कारकून स्वतःच्या गाडीच्या अठ्ठावीस हजारांच्या बिलावर एक शब्दही न विचारता सही करून आला होता, हे मात्र मला अजून बोचते.

आज ते आठवायला निमित्त झाले भाच्याचे. हा म्हापशाला असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हा त्यानेही इतरांसारखा दसऱ्याचा मुहूर्त धरला होता. शोरूमने दिलेला हिशेबाचा कागद त्याने मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला आणि पाठोपाठ फोन केला. "मामा, ह्यात एक्स्टेंडेड वॉरंटी म्हणून चौदा हजार लावलेत. घेऊ की काढून टाकायला सांगू?"

मराठी घेऊन बी. ए. झालेल्या मामाला गाडीतले काय कळणार? पण बारीक अक्षरातल्या अटी वाचणे हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. आणि या प्रश्नाची फी मी दोनदा भरलेली आहे. त्याला म्हटले, फोन ठेव, विचार करून सांगतो.

माझी गाडी घेतली तेव्हा मलाही हाच प्रश्न विचारला गेला होता. आकडा लहान होता, आठ हजारांच्या आसपास. मी नको म्हटले. नवी कोरी गाडी, तिच्या बिघाडाचे पैसे आधीच कशाला द्यायचे? लग्नाच्या दिवशीच घटस्फोटाच्या वकिलाची फी भरण्यासारखे ते मला वाटले होते. हे वाक्य तेव्हा मी शोरूममध्ये बोललोसुद्धा, आणि स्वतःच्या विनोदावर खूश होऊन घरी आलो.

२०२१ च्या चवथीच्या आधी पंधरा दिवस एसीचा कॉम्प्रेसर गेला. मूळ वॉरंटी संपून सात महिने झाले होते. एसी ही चैन आहे असे परगावचे लोक म्हणतील. पण आमच्या पावसात एसी बंद असला की पाच मिनिटांत समोरच्या काचेवर आतून वाफ धरते आणि रस्ता दिसेनासा होतो. एका हाताने फडके फिरवत फोंड्याहून पणजीला जाऊन बघा. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये सांगितले, कॉम्प्रेसर बदलावा लागेल, मजुरी आणि कर धरून अठ्ठावीस हजार सहाशे. काउंटरवरच्या मुलीने अगदी मऊ आवाजात विचारले, "सर, तुम्ही एक्स्टेंडेड वॉरंटी नव्हती घेतली?" घेतली असती तर हा भाग तिच्यात बसला असता. माझा जुना विनोद मला तिथेच आठवला. माटोळीला, फराळाला आणि मुलांच्या कपड्यांना ठेवलेले पैसे त्या काउंटरवर गेले. आईला काही सांगितले नाही, पण माटोळी निम्मीच दिसली तेव्हा तिने माझ्याकडे बघितले आणि काहीच विचारले नाही.

म्हणजे वॉरंटी घ्यावी, असेच ना? थांबा, दुसरी गोष्टही ऐका.

२०२४ च्या पावसाळ्यात आईला तपासणीसाठी बांबोळीला नेत होतो. बाणस्तारीच्या पुलाजवळ स्टिअरिंग एकदम दगडासारखे जड झाले आणि समोर पिवळा दिवा पेटला. आता बहुतेक लहान गाड्यांत स्टिअरिंगला विजेच्या मोटरची मदत असते. ती मदत थांबली तरी चाके वळतात, पण मनगटांचा जीव जातो. कशीबशी आईला पोचवली. दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये गाडीला संगणक जोडला, त्यावर बिघाडाचा क्रमांक आला, आणि अंदाजपत्रक हातात पडले. संपूर्ण स्टिअरिंग कॉलम असेंब्ली, एक्केचाळीस हजार आठशे. मी विचारले, "नुसती मोटर नाही मिळत?" "नाही सर, पार्ट असेंब्लीच येतो."

ह्या वेळी मात्र माझ्यातला कारकून जागा झाला. म्हटले, दुसरे कोटेशन आणतो. गाडी हळूहळू चालवत कुर्टीच्या आमच्या मेस्ताकडे नेली. माझ्या वडिलांच्या स्कूटरपासून तो आमच्या घरच्या वाहनांना हात लावत आला आहे. त्याने बॉनेट उघडले, बराच वेळ वायरी चाचपत राहिला, आणि मोटरला वीज पुरवणाऱ्या जोडणीतून एक वायर ओढून काढली. तिच्या टोकावर हिरवट थर चढला होता. खारट हवा आणि वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडणारा पाऊस, आणखी काय होणार! "बदलपाची गरज ना," एवढेच तो म्हणाला. जोडणी साफ केली, टोक नवे लावले, नऊशे रुपये घेतले. ते स्टिअरिंग आजवर चालू आहे.

यावरून कंपनीची वर्कशॉपे लुटारू आणि मेस्त तेवढा साधू, असे म्हणण्याचा मोह होतो. मी तसे म्हणणार नाही. त्या वर्कशॉपमधल्या मुलाने मला फसवले असेलच असे नाही. त्याच्या हातात संगणकाने दिलेला क्रमांक असतो, त्या क्रमांकापुढे कंपनीने लिहून दिलेला उपाय असतो, आणि संध्याकाळपर्यंत सोडायच्या आणखी गाड्या रांगेत असतात. एकेक वायर चाचपायला त्याला वेळ कोणी दिला आहे? शिवाय नवा भाग बसवला तर त्यावर हमी मिळते, मेस्ताचा नुसता शब्द असतो. आणि मेस्ताची मर्यादा मेस्तच जाणतो. माझ्या एका सहकाऱ्याची आपोआप गिअर बदलणारी गाडी त्याच्याकडे नेली, तेव्हा त्याने बॉनेटही उघडले नाही. "ह्या गाडयेंत म्हजो हात चलना," म्हणाला. त्या सहकाऱ्याला शेवटी कंपनीकडेच जावे लागले. त्याच्याकडे वाढीव वॉरंटी होती, म्हणून त्याचे निभावले.

मेस्ताचा हात का चालत नाही, याचे कारण फक्त त्याचे वय किंवा शिक्षण नाही. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने एक निकाल दिला होता. देशातल्या चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे अडीच हजार कोटींचा दंड ठोठावला. आयोगाचे म्हणणे थोडक्यात असे होते: अस्सल सुटे भाग आणि बिघाड शोधण्याची साधने कंपन्या खुल्या बाजारात येऊ देत नाहीत, आणि बाहेर दुरुस्ती केली तर वॉरंटी जाईल अशी भीती घालतात, त्यामुळे गिऱ्हाइकाला दुसरा दरवाजाच उरत नाही. कंपन्या अपिलात गेल्या आणि प्रकरण लांबले. पण जे माझ्या मेस्ताला एका वाक्यात सांगता येते, ते आयोगाने पुराव्यानिशी लिहून ठेवले आहे. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने 'राइट टू रिपेअर' नावाचे पोर्टल सुरू केले, त्यातही वाहने आहेत. दुरुस्तीचा हक्क! आपल्याकडे छत्रीपासून चपलेपर्यंत सगळे दुरुस्त करून वापरणाऱ्या घरांत मी वाढलो. तिथे दुरुस्ती हा हक्क म्हणून मागावा लागेल, असे वाटले नव्हते.

इथेच वाढीव वॉरंटीचा खरा प्रश्न आहे असे मला वाटते. बिल किती येईल हे जो ठरवतो, तोच त्या बिलापासून वाचण्याचा कागद आपल्याला विकतो. बिल जितके भीतीदायक, तितका कागद आकर्षक. आणि सगळ्या गिऱ्हाइकांचा मिळून हिशेब केला तर विकणारा जितके घेतो त्यापेक्षा कमीच देणार, नाहीतर तो विकेलच कशाला? विम्याचेही तसेच असते. म्हणून हा कागद नफ्यासाठी घ्यायचा नसतो. एका दिवसात तीस-चाळीस हजारांचा फटका आपले घर सोसू शकते का, एवढेच स्वतःला विचारायचे. ज्याला सोसवतो त्याने तेच चौदा हजार पोस्टात टाकून गाडीच्या नावाने बाजूला ठेवावेत. आमच्यासारख्या महिन्याच्या पगारावर चालणाऱ्या घरांना तो सोसवत नाही. माटोळीवर त्याची खूण राहते.

तर भाच्याला मी दोन संध्याकाळी खर्चून जे कळवले ते असे.

तुझी गाडी आपोआप गिअर बदलणारी आहे, तिच्यात संगणकही फार आहेत. तिच्यात आपल्या मेस्ताचा हात चालणार नाही. तेव्हा घे. साधी, हाताने गिअर टाकायची गाडी असती तर दहा वेळा विचार कर म्हटले असते. मूळ वॉरंटी किती वर्षांची ते आधी बघ, कारण आता ती लांबली आहे. मारुती सुझुकीनेच जुलै २०२४ मध्ये आपली २ वर्षे किंवा ४०,००० किलोमीटरची वॉरंटी ३ वर्षे किंवा १,००,००० किलोमीटर केली. वाढीव वॉरंटी त्याच्या पुढे सुरू होते, आजपासून नव्हे. वर्षे आणि किलोमीटर यांपैकी जे आधी संपेल ते खरे, म्हणून तुझी रोजची धाव मोज. कागद कंपनीचा स्वतःचा आहे की दुसऱ्या कोणाचा, ते विचार.

मग 'यात समाविष्ट नाही' हे पान आधी वाच. क्लच, ब्रेक पॅड, वायपर, रबराच्या वस्तू, म्हणजे झिजणारे सगळे बहुधा बाहेर असते. हवेमुळे धरलेला गंज बाहेर. उंदराने कुरतडलेल्या वायरी बाहेर, आणि पावसाळ्यात आपल्याकडे उंदरांना गाडीच्या बॉनेटसारखी उबदार जागा दुसरी नसते. पाण्यात इंजिन बंद पडले तर तेही बाहेर. त्यासाठी विम्यात इंजिनचे वेगळे कलम घ्यावे लागते, आणि पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करायची नसते. बाहेरून स्टिरिओ किंवा कॅमेरा बसवताना वायर कापलीस, तर उद्या विजेच्या कुठल्याही बिघाडाला तेच कारण दाखवतील. एक सर्व्हिस चुकवलीस किंवा उशिरा केलीस तरी दावा अडू शकतो, म्हणून पावत्या जप.

आणि वॉरंटी असो वा नसो, अंदाजपत्रक लेखी घे. काय बदलायचे आणि का, हे त्यावर लिहून माग. काढलेला जुना भाग दाखवायला सांग. तू मागितले नसताना बिलात आलेले इंजिन फ्लश, एसीची निर्जंतुक फवारणी, खालच्या बाजूचे कोटिंग, असले प्रकार आधी खोडून घे. मूळ वॉरंटी संपल्यावर मोठे काम निघाले, की सही करण्याआधी गाडी दुसऱ्या माणसाला दाखव. वाद झालाच तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. पुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे, आणि मोजलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर तिथे तक्रारीला फी लागत नाही.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप करायला वेळ कोणाला आहे? खरे आहे. पण आपण काही न विचारता सही करतो, त्याच सवयीवर ही बिले वाढतात. सरकारी तिजोरीतला पैसा खर्च करताना मला तीन कोटेशने लागतात, कारण तो पैसा माझा नसतो. माझा स्वतःचा असला की मी एकाच माणसाच्या शब्दावर देऊन येतो. यात कुठेतरी आपले उलटे झाले आहे.

भाच्याने वॉरंटी घेतली. दसऱ्याला गाडीला झेंडूची माळ घालून, आजीला पहिली फेरी मारायला तो आमच्याकडे घेऊन आला. आई पुढच्या सीटवर बसून शांतादुर्गेपर्यंत जाऊन आली. मी त्याला पेढ्यांबरोबर एक फाइल दिली, आमच्या कचेरीत असते तशी, फीत लावलेली. वरती वॉरंटी संपण्याची तारीख मोठ्या अक्षरात लिहून दिली, आणि आत पहिल्याच पानावर मेस्ताचा फोन नंबर.