'नाही' म्हणता येते का?

मागच्या रविवारी विहारात वंदना आटोपली आणि चहाच्या वेळी एक आई माझ्याजवळ येऊन बसली. नवरा जळगावच्या एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात, ती स्वतः शाळेत पोषण आहार शिजवते, मुलगी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर तिने हळूच विचारले, "ताई, पोरीने हिवाळ्याच्या सुटीत फोटोचे काम केले. साडीच्या दुकानाच्या बॅनरवर लागली आहे. आता पुन्हा बोलावणे आले आहे. पाठवू की नको? लोक काहीबाही बोलतात."

भगिनींनो, हा प्रश्न एकट्या तिचा नाही. आपल्या वस्त्यांतल्या मुली आता कॉलेजात जातात, नीटनेटक्या राहतात, धीटपणे बोलतात. गावोगावच्या दुकानांना आता मोबाईलवर टाकायला रोज नवे फोटो लागतात. मुंबईची महागडी मॉडेल धुळ्या-जळगावच्या दुकानदाराला परवडत नाही, म्हणून तो कॉलेजातली मुलगी शोधतो. तेव्हा हा प्रश्न आज तिच्या दारी आहे, उद्या तुमच्या-माझ्या दारी येईल. म्हणून त्या मुलीलाच घरी बोलावले आणि सगळे विचारून घेतले.

तिची परीक्षा डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात संपली. शिष्यवृत्ती जमा झालेली नव्हती आणि पुढच्या सत्राची पुस्तके घ्यायची होती. कॉलेजच्या कार्यक्रमात फोटो काढणाऱ्याने विचारले, तेव्हा तिने आधी आईला सांगितले. पहिले काम जळगावातच, साडीच्या दुकानात दोन दिवस, रोजचे 1000 रुपये. आई दोन्ही दिवस सोबत गेली.

"मॉडेलिंग म्हणजे काय वाटले होते अन् काय निघाले!" ती हसत म्हणाली. एका दिवसात साठ-साठ साड्या. प्रत्येक साडी पूर्ण नेसायची नाही, पुढच्या निऱ्या आणि पदर नीट दिसला की झाले, मागून सगळ्या टाचण्या. डोक्यावर तापलेले दिवे, पायात उंच टाचांच्या चपला आणि चेहऱ्यावर सारखे हसू. संध्याकाळी पोटऱ्या दुखायच्या आणि गाल आखडायचे. "आई दिवसभर चुलीपुढे उभी राहते, मी दिव्यांपुढे उभी राहिले," असे ती म्हणाली. मला ते फार आवडले. काम ते काम.

दुसरे काम धुळ्याला मिळाले. एरंडोल, पारोळा करीत सुमारे 90 किलोमीटरचा रस्ता. 2023 च्या मार्चपासून बायकांना एस.टी.चे अर्धे तिकीट झाले, म्हणून जाणे-येणे परवडले. धुळ्यात तिचे आजोळ. मुक्काम मावशीकडे आणि कामावर सोबतीला मावशी. तीन दिवसांचे 3000 ठरले. हातात पडले 1000. बाकीच्यासाठी "उद्या या", "परवा या". दोन खेपा फुकट गेल्या. पण कामाआधी मोबाईलवर दिवस आणि रक्कम लिहून घेतली होती, तो मजकूर मावशीने मालकापुढे धरला तेव्हा कुठे उरलेले 2000 निघाले.

पुढे तो बॅनर आग्रा रोडला लागला. मावशी मोठ्या कौतुकाने आजीला घेऊन गेली. आजी खालून बघत राहिली आणि म्हणाली, "हाई कोन शे वं?" नातीला आजीने ओळखले नाही! कारण संगणकावर तिचा रंग पार बदलून टाकला होता. आपली सावळी, तरतरीत पोर तिथे पिठूळ पांढरी झाली होती. घरी येऊन मुलगी आरशासमोर बराच वेळ उभी होती, असे मावशीने सांगितले.

गोऱ्या रंगाचे हे वेड आपल्याकडे नवे नाही. 'फेअर अँड लव्हली' हे मलम 1975 साली बाजारात आले आणि थेट 2020 साली कंपनीने त्याच्या नावातला 'फेअर' हा शब्द काढला. पंचेचाळीस वर्षे घराघरांतल्या मुलींना सांगितले गेले की तुझा रंग हा दोष आहे. 2014 साली जाहिरात क्षेत्राच्या मानक परिषदेने नियम केला, की सावळ्या माणसाला कमी लेखणारी जाहिरात करू नये. पण नियम झाला म्हणून मन लगेच बदलत नाही. उन्हातान्हात राबलेल्या पिढ्यांचा रंग आपल्या अंगावर आहे. त्याची लाज कशाला? या मुलीने पुढच्या कामाला पहिली अट हीच घातली, "माझा रंग बदलायचा नाही."

ते पुढचे काम जळगावच्या सराफ बाजारातले होते. दागिन्यांचे फोटो, एक दिवस, 1500 रुपये. मालकाने दिवस सांगितला 25 डिसेंबर. मुलगी म्हणाली, "त्या दिवशी नाही जमणार. आमच्या वस्तीत मनुस्मृती दहन दिनाचा कार्यक्रम आहे, मला बोलायचे आहे. 27 ला येते." मालक म्हणाला, "बरं, 27 ला या." रंगाची अटही त्याने मानली.

25 तारखेला ती वस्तीत काय बोलली, तेही मी विचारले. 1927 साली महाडला ज्या ग्रंथाचे दहन झाले, त्याच्या दहाव्या अध्यायात चांडाळांसाठी लिहून ठेवले आहे, की त्यांनी मृतांची वस्त्रे वापरावीत आणि त्यांचे दागिने लोखंडाचे असावेत. त्याच महाडच्या परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी जमलेल्या बायकांना सांगितले, की अस्पृश्यतेची ओळख पटवणारी साडी नेसण्याची रीत सोडा, हातागळ्यातली ती कथलाची आणि चांदीची ओझी टाका, मुलींना शाळेत घाला. आपल्या अंगावर काय असावे हे दुसऱ्याने ठरवायचे दिवस त्या परिषदेने संपवायला घेतले. हे बोलून दोनच दिवसांनी ही मुलगी सोन्याचा हार घालून कॅमेऱ्यासमोर बसली. दागिना घालताना वजन करून वहीत नोंद आणि काढताना पुन्हा वजन. संध्याकाळी सोने तिजोरीत आणि ती आपल्या प्लास्टिकच्या चपला घालून घरी. तिला भुरळ पडली नाही. म्हणाली, "हार त्यांचा होता, मजुरी माझी होती."

आता मुख्य गोष्ट. 29 डिसेंबरला एका दुसऱ्या फोटोवाल्याचा निरोप आला. चार दिवसांचे काम, रोजचे 1500, म्हणजे 6000 रुपये. पण फोटो रात्री काढायचे, शहराबाहेर, आणि शेवटी एक ओळ, "आईला आणू नको." तोवर साऱ्या सुटीची कमाई होती 6500. जवळजवळ तेवढेच पैसे चार दिवसांत मिळणार होते. मुलीने लिहिले, "आई नसेल तर मी नाही." पलीकडून उत्तर आले, "मग राहू दे, अशा मुली पुढे जात नाहीत." काम गेले. 1 जानेवारीला ती वस्तीतल्या लोकांबरोबर भीमा कोरेगावला गेली, 3 जानेवारीला सावित्रीबाईंच्या जयंतीला कॉलेजात हजर. कमाईतून पुस्तके आली, वडिलांचा चष्मा आला.

तो निरोप वाचून आई दोन रात्री झोपली नाही. त्याला कारण आहे. 1994 साली जळगावात जे प्रकरण उघडकीस आले, तेव्हा ही आई नववीत होती. शाळा-कॉलेजातल्या मुलींना जाळ्यात ओढून, त्यांची छायाचित्रे आणि चित्रफिती दाखवून धमकावले गेले, अत्याचार झाले. मीरां चड्ढा-बोरवणकर यांच्यासारख्या अधिकाऱ्यांनी तपास केला, पण बदनामीच्या भीतीने फार थोड्या मुली तक्रारीला पुढे आल्या. त्या वर्षी जळगावातल्या कितीतरी घरांनी मुलींचे बाहेर जाणे तोडले. गुन्हा केला पुरुषांनी आणि घरात कोंडल्या गेल्या मुली! 'फोटो' म्हटले की या गावच्या आईच्या छातीत धस्स होते ते उगाच नाही.

आपल्या वडीलधाऱ्यांच्या रागालाही मूळ आहे. मुरळी, जोगतीण, देवदासी म्हणून आपल्याच लेकींना पिढ्यान् पिढ्या लोकांपुढे उभे केले गेले. 16 जून 1936 रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी या बायकांसमोर भाषण केले आणि ते जिणे सोडून मानाने जगा असे बजावले. ती आठवण समाजाच्या मनात अजून ताजी आहे. म्हणून बॅनरवर आपली मुलगी दिसली की म्हातारे माणूस विचारते, "पुन्हा तेच का?"

माझे उत्तर असे आहे. ते तेच नाही, पण ते तेच होऊ शकते. फरक एकाच गोष्टीत आहे. मुरळीला 'नाही' म्हणता येत नव्हते. देवाला सोडताना तिला कोणी विचारले नाही. या मुलीला 25 डिसेंबरला 'नाही' म्हणता आले आणि काम टिकले. ते काम चांगले. 29 ला 'नाही' म्हटल्याबरोबर काम गेले आणि वर टोमणा मिळाला. ते काम मुळातच वाईट होते. गेले ते बरे झाले. काम कोणतेही असो, फोटोचे, दुकानातले, कार्यालयातले वा कारखान्यातले, मापायची पट्टी हीच: मुलीला तिथे 'नाही' म्हणता येते का?

आणि 'नाही' म्हणण्याचे बळ नुसत्या उपदेशाने येत नाही. त्याला आधार लागतो. तो कसा द्यायचा, हे या आईच्याच अनुभवावरून लिहिते.

मुलगी 18 वर्षांची झालेली असावी. त्याआधी तिने केलेला करार कायद्याने धरलाच जात नाही. काम कोणते, कपडे कोणते, किती तास, किती पैसे आणि फोटो कुठे कुठे वापरणार, हे आधी लिहून घ्यावे. मोबाईलवरचा लेखी निरोपही उपयोगी पडतो, तो पुसू नये. सोबत घरचे माणूस असावे. सोबत नको म्हणणाऱ्याचे काम नको. नाव नोंदवायला किंवा फोटोंची वही करायला आधी पैसे मागणाऱ्यापासून दूर राहावे. काम करणाऱ्याला पैसे मिळतात, त्याने द्यायचे नसतात. आणि परीक्षेच्या दिवसांत काम बंद.

कायदाही आज 1994 सारखा राहिलेला नाही. कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध 2013 साली कायदा झाला. एका दिवसाच्या रोजावर आलेल्या बाईलाही तो लागू आहे. दहापेक्षा कमी माणसांच्या दुकानात तक्रार समिती नसते, आणि कधी तक्रार खुद्द मालकाविरुद्धच असते. अशा वेळी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. तिची माहिती जिल्हाधिकारी कार्यालयात विचारावी. तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची. बाईचे खाजगी क्षणांचे चोरून चित्रण करणे किंवा ते पसरवणे हाही 2013 पासून वेगळा गुन्हा आहे, नव्या न्याय संहितेतही तो कायम आहे. तातडीची मदत 112 वर, महिलांसाठी 181 वर मिळते. हे आकडे मुलीला पाठ असू द्या.

पण सगळ्यात मोठा आधार घरचा. 29 तारखेचा तो निरोप मुलीने लपवला नाही, लगेच आईला दाखवला. का दाखवला? कारण आई रागावून काम बंद करील, कॉलेज बंद करील, अशी भीती तिला नव्हती. 1994 ला ज्या मुली अडकल्या, त्यांच्यातल्या किती जणींना घरी येऊन पहिल्याच दिवशी सांगता आले असते? घरात बोलायची सोय नसली की धमकावणाऱ्याचे फावते. कोंडून ठेवलेली मुलगी सुरक्षित नसते. घरी सगळे सांगू शकणारी मुलगी सुरक्षित असते.

आणि मुलींनो, तुम्हालाही एक सांगते. 2023 साली झोपडपट्टीतली मलीशा खारवा ही मुलगी एका मोठ्या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीच्या जाहिरातीत झळकली. तुम्ही ते मोबाईलवर पाहिले असेल. आनंदच आहे. पण अशी एखादीच. बॅनर पावसाळ्यात फाटतो, दुकानदार पुढच्या हंगामात नवा चेहरा शोधतो. पदवी मात्र फाटत नाही. सुटीत कमवा, खुशाल कमवा, पण ती कमाई पुस्तकाकडे वळवा. या मुलीने तेच केले.

तर त्या आईला माझे उत्तर: बाई, पाठवा. लोक बोलतात त्यांना सांगा की मुलगी कष्टाचे पैसे आणते, लपून काही करीत नाही. अटी लिहून घ्या, सोबत जा, आणि रोज रात्री भाकरी थापताना तिला एवढेच विचारा, "आज कुणाला 'नाही' म्हणावे लागले का गं?" ती हो म्हणाली तर रागावू नका. तिच्या पाठीवर हात ठेवा.

जय भीम!