हत्यारपेटी : बारीक तारेचा आवाज गेला कुठे?

दोस्तांनो, या आठवड्याच्या टपालात चिंचवडहून नववीतल्या एका मैत्रिणीचं पत्र आलंय. शाळेच्या गॅदरिंगला पाच जणांचा वाद्यवृंद वाजवणार आहे आणि त्यात ही बेस गिटार वाजवते. वडिलांनी वापरलेली, स्वस्तातली गिटार मिळवून दिली. जाड तारा दणदणीत वाजतात, पण सगळ्यांत बारीक तार छेडली की आवाज जणू भिंतीपलीकडून येतो. दुकानदार म्हणतो, पिकअप बदला. गाणं बसवणारे सर म्हणतात, तुझ्या बोटांत जोर नाही, तू आपला कीबोर्ड घे. पिकअपसाठी पैसे नाहीत आणि कीबोर्ड तिला नकोय. गॅदरिंग तोंडावर आलंय.

(बेस गिटारला कुणी 'बास गिटार'ही म्हणतात. घरात आजी असेल तर तो उच्चार टाळा. ती लगेच म्हणेल, "बास! झालं तेवढं पुरे!")

तर मैत्रिणी, आधी बोटांचा निकाल लावू. सरांनाच नम्रपणे विनंती कर, की सर, तुम्ही चारही तारा एकेकदा छेडून दाखवता का? अॅम्प्लिफायरची बटणं होती तिथेच राहू देत. तू पाठ करून उभी राहा आणि ऐक. सरांच्या हातूनही बारीक तार दबकीच वाजली, तर दोष तुझ्या बोटांचा नाही. चारही सारख्या वाजल्या, तर मात्र रोज थोडा वेळ त्या एका तारेवर सराव कर. बोटांनी फरक पडतो, हे सरांचं म्हणणं काही अगदीच खोटं नाही. पण जाड तार दणक्यात वाजवणारं बोट बारीक तारेपाशी येऊन एकाएकी अशक्त का होईल? आणि ते बोट मुलाचं आहे की मुलीचं, हे तारेला कुठून कळणार!

आता गिटारकडे वळू. साध्या गिटारला पोकळ लाकडी पेटी असते, ती आवाज मोठा करते. आपली बेस बहुतेक वेळा भरीव लाकडाची असते. अॅम्प्लिफायर बंद करून वाजवलीत तर शेजारच्या खोलीतही ऐकू जाणार नाही. आवाजाचं सगळं काम तारांखालच्या त्या काळ्या डबीकडे, म्हणजे पिकअपकडे असतं. पुष्कळांना वाटतं, की तो एक छोटा माइक आहे. त्याच्याजवळ तोंड नेऊन बोलून बघा, स्पीकरमधून तुमचा आवाज जवळजवळ येणारच नाही. पिकअपला हवेतला आवाज ऐकू येत नाही. त्याला फक्त लोखंड हललेलं कळतं.

डबीत चुंबक असतं आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. चुंबकामुळे वरची पोलादी तारही थोडी चुंबकीय होते. ती थरथरली की वेढ्यांमधलं चुंबकीय क्षेत्र कमी-जास्त होतं आणि वेढ्यांत इवलीशी वीज तयार होते. तीच वायरमधून अॅम्प्लिफायरकडे जाते. हा नियम मायकेल फॅरडेनं १८३१ साली शोधून काढला. हा फॅरडे लहानपणी बुकबाइंडरकडे उमेदवारी करत होता आणि बांधायला आलेली पुस्तकं वाचून शिकला. बेस गिटारही अशाच एका कारागिराच्या हातून लोकप्रिय झाली. अमेरिकेतला लिओ फेंडर हा रेडिओ दुरुस्त करणारा. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती, पण १९५१ साली त्यानं बाजारात आणलेली बेस आजही जगभर वाजते. आपल्याकडे राहुल देव बर्मन यांच्या वादकांच्या ताफ्यात टोनी वाझ बेस गिटार वाजवत. पंचमदांची गाणी लागली की गाणाऱ्याचा आवाज थोडा विसरा आणि खालून चालणारी ती जाड सुरांची वाट ऐका.

मुद्दा आहे अंतराचा. चुंबकाचा जोर अंतराबरोबर फार झपाट्यानं उतरतो. खोटं वाटत असेल तर घरीच बघा. एक चुंबक घ्या, एक टाचणी घ्या आणि मध्ये वहीची पानं धरा. आधी पाच, मग दहा, मग पंधरा. सुरुवातीला टाचणी घट्ट चिकटून राहते, मग थोडी पानं वाढवली की एकदम गळून पडते. कितव्या पानाला पडली ते लिहून ठेवा. वहीची ती काही पानं म्हणजे जाडी ती कितीशी! पण टाचणीला विचारा.

पिंपरी, भोसरी, तळवडे, चाकण या पट्ट्यातल्या मुलांना ही गोष्ट समजावून सांगणारा माणूस बहुधा घरातच असतो. मोटारसायकलच्या मेकॅनिकला विचारा, 'पिकअप कॉइल' म्हणजे काय? तो गिटारकडे नाही, इंजिनाकडे बोट दाखवील. मॅग्नेटोच्या फिरत्या चाकावर एक उंचवटा असतो. तो शेजारच्या कॉइलसमोरून गेला, की कॉइलमध्ये विजेचा एक ठोका उमटतो आणि त्या इशाऱ्यावर प्लगमध्ये ठिणगी पडते. तेच चुंबक, तेच वेढे आणि समोरून हलणारं तेच लोखंड! मोटारींच्या जुन्या पद्धतीच्या एबीएस सेन्सरचंही तसंच. चाकाबरोबर दातेरी कडं फिरतं, शेजारी चुंबक आणि कॉइल बसलेली असते, आणि चाक किती वेगानं फिरतंय ते कळतं. दोन्हीकडे मधली फट मोजून ठेवावी लागते. फट वाढली की इशारा दुबळा होतो. गॅरेजवाल्याकडे त्यासाठी पातळ पत्र्यांची जुडी असते, तिला फिलर गेज म्हणतात. कंपनीत सेटिंगचं काम करणाऱ्या बाबांना किंवा आईला मिलिमीटरच्या दहाव्या भागाची किंमत विचाराल, तर जेवण थंड होईपर्यंत उत्तर मिळेल.

गिटारवरही हेच घडतं. सर्वांत जाड तार साधारण पावणेतीन मिलिमीटर जाडीची, तर सर्वांत बारीक तार एक मिलिमीटरहून थोडीशीच जास्त. जाड तारेत लोखंड जास्त, म्हणून तिचा इशारा मुळातच दांडगा. म्हणून बारीक तारेच्या बाजूला पिकअप थोडा जवळ ठेवतात. जुन्या गिटारमध्ये हा तोल कुणाच्या तरी हातून बिघडलेला असतो. कधी आधीच्या मालकानं खरखर थांबवायला तार ब्रिजपाशी उंच केलेली असते. आणखी एक कारण अगदी नेहमीचं. पिकअपच्या खाली स्पंजाचा तुकडा किंवा स्प्रिंग असते, ती त्याला वर ढकलून धरते. वर्षानुवर्षांत स्पंजाचा भुगा होतो आणि डबी एका बाजूला खाली बसते. माझा संशय या स्पंजावरच जास्त आहे.

पण स्क्रूला हात लावण्याआधी दोन गोष्टी तपास. तार जुनी, गंजकी असेल तर आधी ती बदलायला हवी. मेलेल्या तारेत पिकअप वर करून जीव येत नाही. दुसरं, अॅम्प्लिफायरवरचं 'बेस' बटण शेवटपर्यंत फिरवलेलं असेल तर ते मध्यावर आण. जाड तारेचा सूर सेकंदाला सुमारे ४१ कंपनांचा, बारीक तारेचा ९८. ते बटण खालच्या सुरांना उगाच फुगवतं. तारांची उंची ब्रिजपाशी बदलायची असेल तर तीही आत्ताच बदल, कारण पिकअपचं काम नंतरचं.

आता माप. गिटार सुरात लाव. बारीक तार शेवटच्या पट्टीवर, म्हणजे पिकअपच्या सगळ्यात जवळच्या फ्रेटवर, दाबून धर. अशी दाबली की तार पिकअपच्या सर्वांत जवळ येते, म्हणून माप इथेच घ्यायचं. तारेच्या खालच्या कडेपासून पिकअपच्या माथ्यापर्यंत किती अंतर आहे ते प्लॅस्टिकच्या पट्टीनं मोज. रुपयाचं नाणं सरकवून बघू नकोस, ते पोलादी असतं, पटकन चुंबकाला चिकटतं. बाबांचं एटीएम कार्डही तिथे नको, त्याची काळी पट्टी चुंबकाजवळ न्यायची नसते. मग जाड तारेचंही तसंच माप घे. दोन्ही आकडे कागदावर लिही. सुरुवात म्हणून जाड तारेकडे अडीच ते तीन मिलिमीटर आणि बारीक तारेकडे दोनच्या आसपास ठेवून बघ. यापुढचं कानाचं काम.

तुझ्या गिटारवर पिकअप दोन तुकड्यांत आहे की एक लांब पट्टी, हे पत्रात नाही. दोन तुकडे असतील तर सोपं, एक तुकडा दोन जाड तारांचा, दुसरा दोन बारीक तारांचा, प्रत्येक वेगळा वर-खाली होतो. लांब पट्टी असेल तर ती एका टोकाला किंचित उचलायची, म्हणजे तिरकी होते. आवाज अगदी कमी कर, कारण स्क्रूड्रायव्हर चुंबकाकडे ओढला जातो आणि स्पीकरमधून 'ठक्क' असा दणका येतो. स्क्रू घड्याळाच्या उलट दिशेनं फिरवला की डबी वर येते, त्याच दिशेनं फिरवला की खाली जाते. (काही पिकअप कड्याला टांगलेले असतात, त्यांत नेमकं उलटं. अर्धा वेढा फिरवून बघ, लगेच कळेल.) एका वेळी अर्धाच वेढा. वाजव, ऐक, मग पुढचा. किती वेढे फिरवले ते लिहीत जा, म्हणजे मूळ जागी परत येता येईल.

आणि एक गंमत. कमी आवाजाच्या तारेकडे धावण्याआधी मोठ्या आवाजाची बाजू थोडी खाली करून बघ. पुष्कळदा तेवढ्यानंच तोल जमतो, आणि एकूण आवाज कमी झाला तर अॅम्प्लिफायरचं बटण कशाला आहे? उलट सगळंच वर वर चढवत गेलीस तर चुंबक तारेलाच ओढू लागतं. मग सूर लवकर विझतो, थरथर विचित्र होते, कधी तार पिकअपवर आपटते. जवळ म्हणजे चांगलं आणि आणखी जवळ म्हणजे आणखी चांगलं, असा इथे हिशेब नाही.

स्क्रू सैल करूनही डबी वर येत नसेल तर समज, स्पंज गेला. तारा ढिल्या करून, मोठ्या माणसाला शेजारी बसवून, डबी हलकेच उचल. खालच्या वायरी ओढायच्या नाहीत. सुट्या भागांच्या खोक्यांत येतो तसल्या पॅकिंगच्या फोमचा तुकडा कापून खाली ठेव. तुमच्या भागात तसा फोम कुठेही फुकट मिळेल! स्क्रू जवळजवळ बाहेर येईपर्यंत मात्र फिरवू नकोस, लाकडातले आटे खराब होतात. आणि एकाच तारेखालचा गोल खिळा उंच करायला त्याला ठोकू तर अजिबात नकोस. काही पिकअपमध्ये तांब्याची तार थेट त्या चुंबकावरच गुंडाळलेली असते. तार तुटली की खरोखरच पिकअप बदलावा लागतो आणि दुकानदाराचं म्हणणं खरं ठरतं.

एवढं करूनही एकच तार रुसली असेल, तर वायरीचा जोड किंवा पिकअप तपासायला दुकानात जा आणि वर लिहिलेली मापं सोबत ने. मापं घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाशी दुकानदारही जरा जपून बोलतो.

मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून तारांची तुलना करू नकोस, त्याचा माइक खालचे सूर नीट पकडत नाही. मैत्रिणीला खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभी कर आणि चारही तारांवर एकच साधी चाल वाजव. तिनं डोळे मिटून सांगायचं, कुठली तार पुढे येते आणि कुठली मागे राहते. जमलं की शेवटची दोन मापं चिठ्ठीवर लिहून गिटारच्या पिशवीच्या खिशात ठेव. तारांचा नवा सेट बसवलास, त्यातही जाडी बदललीस, की ती चिठ्ठी काढून पुन्हा एकदा पट्टी लाव.