ताप उतरला, आता नीट बघा

पावसाळा सरत आला की महाराष्ट्रातल्या रुग्णालयांचे वॉर्ड तापाच्या रुग्णांनी भरू लागतात. डेंग्यू, मलेरिया, लेप्टो, टायफॉइड, साधा विषाणूजन्य ताप. निदान वेगवेगळे, पण केसपेपरवरची पहिली तक्रार एकच. नातेवाइकांचा प्रश्नही एकच, ‘सिस्टर, ताप उतरला का?’ उतरला असेल तर घरी फोन जातात, डिस्चार्ज कधी मिळेल याची चौकशी सुरू होते. उतरला नसेल तर ‘एखादे इंजेक्शन तरी द्या’ असा आग्रह धरला जातो. ताप म्हणजेच आजार आणि ताप उतरणे म्हणजे बरे होणे, हे समीकरण इतके पक्के बसले आहे की वॉर्डातले कर्मचारीही नकळत आपले काम त्याच मापाने मोजू लागतात. हे माप खोटे आहे आणि काही आजारांत ते जिवावर बेतते.

डेंग्यू हे त्याचे सर्वात ठळक उदाहरण. डेंग्यूचा ताप साधारणपणे दोन ते सात दिवस राहतो. बहुतेक रुग्ण त्यानंतर बरे होतात. पण ज्या थोड्यांचा आजार बिघडायचा असतो, त्यांचा तो नेमका ताप उतरण्याच्या सुमारास, म्हणजे तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान बिघडतो. केशवाहिन्यांतून रक्तातला द्रव बाहेर झिरपू लागतो. रक्त घट्ट होते, नाडी जलद आणि दुबळी होते, वरचा व खालचा रक्तदाब एकमेकांच्या जवळ येतात. हा धोक्याचा काळ साधारण २४ ते ४८ तासांचा. थर्मामीटर तेव्हा ९९ दाखवत असतो आणि घरचे लोक सुटकेचा नि:श्वास टाकत असतात. रुग्णाचे पोट दुखते आहे, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यांतून रक्त येते आहे, हातपाय गार पडलेत, लघवी कमी झाली आहे, तो गळून गेला आहे किंवा अस्वस्थ आहे, याकडे त्या वेळी कोणाचे लक्ष असेल तर ते परिचारिकेचे. डॉक्टर दिवसातून दोनदा राऊंडला येतात. खाटेपाशी वारंवार जाते ती परिचारिकाच. तिने फक्त ताप पाहिला, तर सर्व आलबेल आहे. तिने रुग्ण पाहिला, तर वेळेत सलाईन सुरू होऊन जीव वाचू शकतो.

ताप हा शरीराचा बिघाड नसतो; ते शरीराने स्वतः घेतलेले पाऊल असते. मेंदूतील हायपोथॅलॅमस हा भाग शरीराचे तापमान एका ठरावीक पातळीवर राखतो. जंतूंचा शिरकाव झाला की पांढऱ्या पेशी इंटरल्युकिनसारखी रसायने सोडतात. त्यांच्यामुळे मेंदूत प्रोस्टाग्लँडिन तयार होते आणि हायपोथॅलॅमस आपली पातळी वर सरकवतो. गीझरचा काटा कोणी पुढे फिरवावा तशी. आता ९८.६ हे तापमान त्याला कमी वाटू लागते. मग तो त्वचेच्या रक्तवाहिन्या आकसतो, म्हणून हातपाय गार पडतात. स्नायूंना थरथरायला लावतो, म्हणून हुडहुडी भरते. अंग तापलेले असताना रुग्ण दोन पांघरुणे मागतो, याचे कारण हेच. पुढे काटा खाली आला की उलटे घडते. त्वचा लाल होते, घाम फुटतो, ‘घामाने ताप उतरला’ असे घरचे म्हणतात. खरे तर ताप उतरवण्यासाठीच घाम आलेला असतो.

हे समजले की कपाळावरच्या पट्ट्यांचा प्रश्नही वेगळा दिसू लागतो. हुडहुडी भरलेल्या माणसाला गार पाण्याने पुसले तर मेंदूतला काटा तसाच वर राहतो आणि शरीर हरवलेली उष्णता भरून काढण्यासाठी आणखी जोराने थरथरते. त्या थरथरीत प्राणवायूची मागणी कित्येक पटींनी वाढते. हृदयरोगी किंवा दमेकरी रुग्णाला हे परवडणारे नसते. पॅरासिटामॉल हा काटाच खाली आणते, म्हणून तिचा उपयोग होतो. ब्रिटनमधील ‘नाइस’ या संस्थेची मुलांच्या तापाबाबतची सूचना याबाबत स्पष्ट आहे. कोमट पाण्याने पुसून ताप उतरवण्याची शिफारस ती करत नाही. केवळ आकडा खाली आणण्यासाठी औषध देऊ नये, मूल त्रासलेले असेल तर द्यावे, असे ती सांगते. तापनाशक औषधाने तापातले झटके टळत नाहीत, हेही तीच बजावते.

ताप डोक्यात जाईल ही भीती मात्र घराघरात आहे आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या काही मुलांना तापात झटके येतात आणि ते पाहणाऱ्या आईवडिलांच्या पायाखालची जमीन सरकते. अशा मुलाला डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे. पण हे साधे झटके बहुतेक वेळा काही मिनिटांत थांबतात आणि मेंदूला इजा करून जात नाहीत. जंतुसंसर्गात ताप चढतो तेव्हा त्याची लगाम हायपोथॅलॅमसच्या हातात असते. म्हणून तो सहसा १०६ अंशांच्या पुढे जात नाही.

ही लगाम सुटते ती उष्माघातात. तिथे मेंदूतला काटा जागेवरच असतो, पण बाहेरची उष्णता शरीराला झेपेनाशी होते. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या उघड्या मैदानावरील कार्यक्रमात उन्हाने माणसे दगावली, ते महाराष्ट्र विसरलेला नाही. अंगाचे तापमान १०४ च्या वर आणि सोबत बरळणे, शुद्ध हरपणे अशी लक्षणे असतील, तर पॅरासिटामॉल निरुपयोगी आहे; काटा वर गेलेलाच नाही, तर ती खाली आणणार काय? तिथे अंगावर पाणी ओतणे, बर्फ, पंखा, मिळेल त्या मार्गाने शरीर ताबडतोब गार करणे हाच उपचार. थर्मामीटरवर आकडा तोच, पण एका रुग्णाला गार पाणी त्रासाचे आणि दुसऱ्याला जीवनदायी. आकडा हा फरक सांगत नाही. रुग्ण कुठून आला, उन्हात होता का, शुद्धीवर आहे का, हे विचारणारे माणूस तो सांगते.

ताप उपयोगी असतो का, यावरही संशोधन झाले आहे. १९७५ मध्ये मॅथ्यू क्लुगर आणि सहकाऱ्यांनी वाळवंटी इग्वाना सरड्यांना जंतुसंसर्ग करून वेगवेगळ्या तापमानात ठेवले. सरड्याचे शरीर भोवतालाइतकेच तापते. उबदार जागेतले सरडे अधिक संख्येने जगले. माणूस सरडा नव्हे, हे खरे. म्हणून २०१५ साली प्रसिद्ध झालेला ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधला अभ्यास महत्त्वाचा ठरतो. अतिदक्षता विभागातील जंतुसंसर्ग व ताप असलेल्या ७०० रुग्णांपैकी अर्ध्यांना नियमित पॅरासिटामॉल आणि अर्ध्यांना औषध नसलेले द्रावण दिले गेले. अतिदक्षता विभागाबाहेर काढलेल्या दिवसांत दोन्ही गटांत लक्षणीय फरक पडला नाही. ताप उतरवल्याने तोटा झाला नाही, पण आजारही लवकर हटला नाही. याचा अर्थ गोळी टाळावी असा नाही. अंग ठणकणाऱ्या, झोप न लागणाऱ्या रुग्णाला आराम मिळणे हा स्वतःच एक उपचार आहे आणि मेंदूला मार लागलेल्या किंवा हृदय कमजोर असलेल्या रुग्णात तापमान आटोक्यात ठेवावेच लागते. पण गोळी आरामासाठी दिली जाते, ती आजार बरा करत नाही, हे देणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या मनात स्वच्छ असायला हवे.

ते नसल्याची किंमत वॉर्डात दिसते. गल्लीतल्या दवाखान्यात ‘लवकर उतरावा’ म्हणून स्टेरॉइड आणि डायक्लोफेनॅकचे इंजेक्शन घेऊन रुग्ण येतो. ताप नाही, सूज नाही, चेहऱ्यावर तरतरी. आतला संसर्ग मात्र झाकला गेलेला असतो आणि डेंग्यू असेल तर डायक्लोफेनॅकने रक्तस्रावाचा धोका वाढलेला असतो. नातेवाइकांच्या आग्रहाचा हा परिणाम असतो, तसाच तो आग्रह मोडून न काढणाऱ्या व्यवस्थेचाही.

ताप हे दाहाचे सर्व शरीरात उमटलेले रूप. दाहाची स्थानिक चिन्हे रोमन लेखक सेल्ससने सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी नोंदवली होती : लाली, सूज, उष्णता आणि वेदना. परिचारिकेचे हात आणि डोळे आजही तीच शोधतात. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या दोन दिवसांत येणारा हलका ताप पुष्कळदा जखमेच्या स्वाभाविक दाहाचा असतो. पाचव्या दिवशी नव्याने चढलेला ताप मात्र ड्रेसिंग उघडून जखम पाहायला लावतो. तीन दिवस तशीच राहिलेली सलाईनची सुई, तिच्याभोवतीची लाल रेघ, लघवीच्या नळीतला गढूळपणा, पाठीवरचा दडलेला बेडसोअर, ही तापाची कारणे महागड्या तपासणीआधी चादर बाजूला केल्यावर सापडतात.

काही रुग्णांत तर ताप नसणे हीच वाईट बातमी असते. वृद्ध माणसाला न्यूमोनिया झाला तरी ताप जेमतेम चढतो. तो फक्त जेवत नाही किंवा बरळू लागतो. नवजात बाळ संसर्गात गार पडू शकते. तीन महिन्यांखालच्या बाळाला १००.४ ताप असेल किंवा केमोथेरपी घेणाऱ्या रुग्णाच्या पांढऱ्या पेशी घटलेल्या असताना तेवढाच ताप टिकून राहिला असेल, तर ती तातडीची बाब असते. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ साली आणलेल्या ‘न्यूज’ या पूर्वसूचना गुणांकनात हे नेमके उतरले आहे. १०२.४ अंश किंवा त्याहून अधिक तापाला तिथे दोन गुण मिळतात, तर ९५ अंश किंवा त्याखालच्या तापमानाला तीन. मिनिटाला २५ किंवा अधिक श्वास असतील तरी तीन. गुण जितके अधिक, धोका तितका मोठा. म्हणजे गार पडलेला, धापा टाकणारा रुग्ण तापाने फणफणलेल्या रुग्णापेक्षा अधिक काळजीचा. आपल्या वॉर्डांत मात्र धावपळ होते ती फणफणलेल्यासाठी.

९८.६ हा आकडा जगाला दिला तो लाइपझिगच्या कार्ल वुंडरलिश यांनी. पण १८६८ सालच्या त्यांच्या ग्रंथाचे खरे मोल त्या आकड्यात नव्हते, आलेखात होते. प्रत्येक आजाराचा ताप आपल्या चालीने चढतो आणि उतरतो, हे त्यांनी हजारो रुग्णांच्या नोंदींतून दाखवले. खाटेला अडकवलेला तापाचा तक्ता हा त्याच कामाचा वारसा. निरोगी माणसाचेही तापमान पहाटे सर्वात कमी आणि संध्याकाळी सर्वात जास्त असते, म्हणून नोंदीची वेळ महत्त्वाची. ताप चढला की नाडीही वाढते. टायफॉइडमध्ये ती अपेक्षेइतकी वाढत नाही, म्हणून ताप व नाडी शेजारी शेजारी लिहायची. गोळी कधी दिली हे लिहिले नाही, तर उतरलेला आलेख औषधाचा की रुग्णाचा, हे कळत नाही.

हा तक्ता आज अनेक ठिकाणी औपचारिकता झाला आहे. तीस रुग्णांच्या कागदावर श्वसनाचा आकडा एकसारखा २० लिहिलेला असेल, तर तो कोणी मोजलेला नाही हे उघड आहे. दोष एकट्या परिचारिकेवर टाकणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात सर्वसाधारण वॉर्डातल्या तीन रुग्णांमागे एक परिचारिका हवी. रात्रपाळीला अख्खा वॉर्ड एक-दोघींवर सोपवला जातो, तिथे एकेका रुग्णाचे श्वास पूर्ण मिनिटभर मोजायचे, तर औषधे कोण देणार? इंडेंट, रजिस्टर, ऑनलाइन नोंदी यांत तिचा वेळ जातो आणि तिचे खरे काम, म्हणजे बघणे, मागे पडते.

उपाय खर्चिक यंत्रांचे नाहीत. मंजूर पदे भरणे आणि कारकुनी काम परिचारिकेच्या डोक्यावरून काढणे ही पहिली गरज. ‘ताप १०० च्या वर गेल्यास गोळी’ एवढ्यावर न थांबता नाडी, श्वास, रक्तदाब, शुद्ध आणि लघवी यांची नोंद करण्याचाही लेखी आदेश असावा. पूर्वसूचना गुणांकन अतिदक्षता विभागापुरते न ठेवता साध्या वॉर्डात यावे आणि गुण वाढताच डॉक्टरांना रात्री-अपरात्री बोलावण्याचा परिचारिकेचा अधिकार कागदावर असावा, ‘एवढ्यासाठी उठवलेस?’ हे वाक्य तिने ऐकता कामा नये. डेंग्यूच्या रुग्णाला घरी पाठवताना धोक्याची लक्षणे नातेवाइकांना मराठीत समजावून, त्यांच्याकडून परत वदवून घ्यावीत.

घरच्यांचाही यात वाटा आहे. ‘ताप उतरला का?’ हा प्रश्न विचारायला हरकत नाही. पण त्यासोबत आणखी तीन प्रश्न असू द्यावेत : पाणी किती प्यायला, लघवी किती झाली आणि तो नेहमीसारखा बोलतो आहे का. थर्मामीटर एका मिनिटात आपले उत्तर देतो. या तीन प्रश्नांची उत्तरे फक्त रुग्णाजवळ बसलेल्या माणसाकडेच असतात.