मुसळी कोणाची? ग्रामसभेची!



मुसळी सातपुड्यातली, जळगाव जामोद-संग्रामपूरकडची. मग दुसरबीडच्या अंकात कायले? कारण जंगल कुठलंही असो, कायदा एकच हाय.

पहिल्या पावसात मुसळी फुटते, तिच्या कोवळ्या पानांची भाजी होते. पुढं पानं पिवळी पडली की मुळ्या खणायच्या, सोलायच्या, वाळवायच्या. एवढी मेहनत करून बाई बाजाराला निघते अन् नाक्यावर गोणी अडवतात. "चोरीचा माल हाय, पास दाखव!" तीच गोणी व्यापाऱ्याच्या गोदामात गेली की चोरीची राहत नाही. शहरात 'शक्तिवर्धक' म्हणून डबीत विकते.

पुस्तकात मुसळीला बोरिवलीवरून नाव दिलंय. आपले आजे-पणजे त्याच्या कितीतरी आधीपासून ती खणतात, ते कुठंच नोंदलं नाही.

आता कायदा वाचा, ज्याले वाचता येत नाही त्याले वाचून दाखवा. वनहक्क कायदा २००६, कलम २: गौण वनोपजात तेंदूपान, मध, लाख यांच्यासोबत औषधी वनस्पती, मुळं अन् कंद स्पष्ट लिहिलेत. कलम ३ त्यावर मालकी देतं; गोळा करायची, वापरायची, विकायचीसुद्धा. २०१२ च्या नियमानुसार वाहतुकीचा पास ग्रामसभेची समिती देईल. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावानं २०११ मध्येच बांबूचा पास आपल्या हातात घेतला.

साहेब म्हणतात, "बुलडाण्याले पेसा लागू नाही." खरं हाय, आपला जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही. पण वनहक्क कायद्याले ती अटच नाही! एक कायदा दाखवून दुसरा झाकायचा, ही जुनी रीत.

वर आरोप: "मुसळी तुम्हीच संपवली." अहो, आज खणली नाही तर उद्या व्यापाऱ्याचा माणूस खणून नेईल, अशा धाकात कोण थांबेल? बी पडायच्या आत, कच्चीच उपटली जाते. मालकी हाती आली की ग्रामसभा कलम ५ खाली ठराव करेल: पानं वाळल्याशिवाय कुदळ लावायची नाही, अन् डोळ्याची शेंडी एक-दोन मुळ्यांसकट परत मातीत लावायची. नुसती मुळी पुरली तर फुटत नाही, हे आपल्या म्हाताऱ्यांना ठाऊक हाय.

म्हणून सामूहिक दावा भरताना 'गौण वनोपज' एवढंच लिहून थांबू नका. मुसळी, शतावरी, जे जे कंद आणता त्यांची नावं लिहा, कोणत्या डोंगरातून तेही लिहा. दावा दिला की सही-शिक्क्याची पोच मागा. पोच मिळेपर्यंत कचेरीतून उठायचं नाही.