मागे राहिलेला राखणदार

वावरात हरभरा किंवा तूर उभी असली की यवतमाळ जिल्ह्यात रानडुकरं आणि रोही यांच्या भीतीनं रात्रीची जागल करावी लागते. जागलीला कुत्री असतात, बहुधा जोडीनं. त्यातलं एक साप चावून, गाडीखाली येऊन किंवा आजारानं गेलं की दुसरं ताटलीकडे बघत नाही आणि मालकाच्या पायाशी घोटाळत राहतं. मग शेजारी सांगतात, ‘दुसरं पिल्लू आणा, विसरेल.’ हा सल्ला प्रेमानं दिलेला असतो, पण माझ्या मते तो घाईचा आहे. आधी जिवंत राहिलेल्याकडे बघावं, पिल्लाचं नंतर.

इटलीतल्या संशोधकांनी 2022 मध्ये एका कुत्र्याच्या मृत्यूनंतर दुसऱ्यात काय फरक पडतो, हे 426 मालकांना विचारलं. 86 टक्के मालकांनी वागणं बदलल्याचं सांगितलं. बरीच कुत्री माणसाला जास्त चिकटून राहू लागली, खेळणं कमी झालं, साधारण एक तृतीयांश कुत्र्यांचं खाणंही घटलं. दोघांनी किती वर्षं एकत्र काढली यापेक्षा त्यांचं सख्य कसं होतं, याचा परिणाम जास्त दिसला आणि मालक स्वतः किती खचला आहे याचाही. यावर आक्षेप रास्त आहे: ही माहिती मालकांनी दिलेली, दुःखी माणसाला सगळेच दुःखी दिसतात. कुत्र्याला मृत्यू कळतो की नाही, हे या पाहणीवरून सिद्ध होत नाही. पण ते ठरवल्यावाचून अडतही नाही. शोक म्हणा की विस्कटलेली दिनचर्या म्हणा, करायचं तेच: खाण्याची वेळ तीच, झोपण्याची जागा तीच, वावराची फेरी तीच आणि दिवसातून थोडा वेळ माणसाची सोबत.

खरी चूक होते ती उलट बाजूनं, प्रत्येक मरगळीला दुःखाचं नाव देण्यात. आपल्याकडे गोचीड तापातही कुत्रं असंच खाणं सोडतं आणि पडून राहतं. त्यात जोडीची कुत्री एकाच ठिकाणी खातात, एकच पाणी पितात. 2017 मध्ये फवारणीच्या विषबाधेनं या जिल्ह्यात शेतकरी आणि मजूर दगावले. फवारणीची औषधं आजही गोठ्यात, झोपडीत ठेवलेली असतात. उंदीर मारण्याच्या काही औषधांचा परिणाम तर तीन-चार दिवसांनी दिसतो. म्हणून पहिला मेला कशानं, हे विचारायलाच हवं. तो पिसाळल्याचा संशय असेल तर उरलेल्या कुत्र्याला आणि मेलेल्या कुत्र्याची लाळ लागलेल्या वा त्यानं चावलेल्या माणसांना लसीसाठी त्याच दिवशी नेलं पाहिजे. तसा संशय नसला, तरी एक-दोन दिवसांत कुत्रं काहीच खात नसेल, तर पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा.

ज्या जिल्ह्यात शेतकरी आत्महत्येनंतरच्या घरांची विचारपूस अपुरी पडते, तिथं कुत्र्याच्या मनाची चिंता कशाला, असं कोणी विचारील. प्रश्न बोचरा आहे आणि टाळण्यासारखा नाही. मात्र वर सांगितलेली दिनचर्या सांभाळायला रुपयाही लागत नाही, आणि तिनं कोणाच्या वाट्याचं काही कमी होत नाही. शिवाय हा राखणदार आहे; तो खचला तर नुकसान वावराचंच. माणसाला तेरवीपर्यंत कोणी कामाला जुंपत नाही, यालाही निदान पहिल्या रात्री एकट्याला बांधून ठेवू नये.

राहिलं पिल्लू. पहिला ‘पार्व्हो’नं गेला असेल तर तो विषाणू अंगणातल्या मातीत महिनोन्‌महिने टिकतो आणि लस न घेतलेलं पिल्लू त्याच अंगणात आणणं म्हणजे दुसऱ्या मरणाची तयारी. तसं नसलं तरी उरलेलं कुत्रं नीट खाऊ-फिरू लागेपर्यंत थांबावं, मग दोघांची पहिली गाठ वावराबाहेर, मोकळ्या जागी घालावी आणि सुरुवातीला ताटल्या वेगळ्या ठेवाव्यात. म्हाताऱ्या कुत्र्याला पिल्लाचा धुडगूस सोसवत नसेल, तर त्याला एकटंच राहू द्यावं.