वाहनतळाची पावती आणि डोंगराचा दाखला

भोर तालुक्यातील एका गावच्या ग्रामसभेस अलीकडेच श्रोता म्हणून बसण्याचा योग आला. गावाचे नाव मुद्दाम देत नाही. जे तेथे घडले ते भोर-वेल्ह्याच्या कोणत्याही खोऱ्यात घडू शकते, आणि एका गावाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचा या लेखाचा हेतू नाही.

सभेपुढे दोन विषय होते. रविवारी गडावर येणाऱ्या पर्यटकांच्या मोटारी रस्त्याच्या कडेला दुतर्फा उभ्या राहतात, एस.टी. अडते, शेतात जाणारी बैलगाडी अडते. तेव्हा वाहनतळ करून फी किती घ्यावी, हा पहिला विषय. गावच्या हद्दीतील एका गटात दगडखाण व खडी क्रशर सुरू करण्यास ना-हरकत दाखला द्यावा काय, हा दुसरा. पहिल्या विषयावर पावणेदोन तास चर्चा झाली. मोटारीला तीस रुपये की पन्नास, पावतीपुस्तक कोणत्या आळीच्या पोरांकडे द्यावे, यावर आवाज चढले, जुनी भांडणे निघाली. दुसरा विषय 'आयत्या वेळचे विषय' या सदरात आला आणि पाच मिनिटांत मंजूर झाला. मागे बसलेल्या एका वृद्ध बाईने तेवढे विचारले, "शिवेपलीकडं सुरुंग उडला तरी चुलीवरचं भांडं हलतं. आता खाण दारात आणताय, त्याचं काय?" समोरून उत्तर आले, "आजी, ते आपल्या हातात नाही. परवानगी वरून मिळते. आपण नुसता कागद देतो."

त्या उत्तरात उद्धटपणा नव्हता. ते उत्तर बऱ्याच अंशी खरे होते, आणि म्हणूनच ते भयंकर आहे. आपल्या पंचायत राज्याने गावाला वाहनतळाच्या पावतीचे सार्वभौमत्व दिले आहे. डोंगराचे सार्वभौमत्व मात्र जिल्ह्याच्या आणि राज्याच्या ठिकाणी राखून ठेवले आहे. क्षुल्लक ते गावाचे, मौल्यवान ते वरचे, अशी ही वाटणी आहे. तिला विकेंद्रीकरण म्हणणे ही शुद्ध फसवणूक होय.

कायदाच पाहा. १९९२ च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने अकरावी अनुसूची आणली आणि पंचायतींकडे सोपवावयाच्या एकोणतीस विषयांची यादी दिली. तीत रस्ते आहेत, पूल आहेत, बाजार व जत्रा आहेत. खनिज नाही. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमात गाडीतळ व टांगातळ यांवरील फीची तरतूद आहे. टांगे गेले, मोटारी आल्या, पण फी घेण्याचा अधिकार कायम राहिला. गौण खनिजाचे नियम करण्याचा अधिकार १९५७ च्या केंद्रीय खाण कायद्याने राज्य सरकारला दिला. १९६६ च्या जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ ने जमिनीखालच्या खनिजावर शासनाची मालकी सांगितली. म्हणजे रस्त्यावर उभ्या राहिलेल्या मोटारीविषयी गावाने बोलावे. त्याच रस्त्याने भरून जाणाऱ्या डोंगराविषयी बोलू नये.

यावर कोणी म्हणेल की खनिज ही राष्ट्राची संपत्ती आहे, ती गावाच्या मर्जीवर कशी सोडावी? त्याला उत्तर आपल्याच संसदेने दिलेले आहे. १९९६ च्या 'पेसा' कायद्यानुसार अनुसूचित क्षेत्रात गौण खनिजाचा पट्टा देण्यापूर्वी ग्रामसभेची अथवा पंचायतीची शिफारस अनिवार्य आहे. या जिल्ह्यातील जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतील काही गावे अनुसूचित क्षेत्रात येतात. भोर आणि वेल्हे येत नाहीत. दगड तोच काळा बेसॉल्ट, सह्याद्रीची रांग तीच, डोंगरकपारीला महादेव कोळ्यांची वस्ती तिकडेही आहे आणि इकडेही. तरी तिकडे गावाची शिफारस ही कायद्याची पूर्वअट आहे आणि इकडे ती प्रकरणाला जोडावयाचा एक कागद आहे. तिकडे राष्ट्र बुडाले नाही. मग इकडे बुडेल, असे मानण्याचे कारण काय?

या दोन तालुक्यांचा इतिहास मुळातच देण्याचा आहे. ब्रिटिश अमदानीत १९२८ साली भाटघरचे मोठे धरण पूर्ण झाले, पुढे नीरा-देवघर झाले. पाणी कालव्यांनी खालच्या तालुक्यांच्या उसाला गेले. वेल्ह्यात पानशेत आणि वरसगाव झाली. पाणी पुणे शहराला गेले. माणसे मुंबईच्या गिरण्यांत आणि माथाडी कामात गेली. आता दगडाची पाळी आहे. पुण्याच्या नियोजित वर्तुळाकार मार्गाची पश्चिम बाजू मावळातील उर्से येथून निघून भोर तालुक्यातील वरवे येथे येते. रस्त्याला खडी लागते, शहराच्या काँक्रीटला खडी आणि कृत्रिम वाळू लागते, आणि ती जितकी जवळून मिळेल तितका कंत्राटदाराचा वाहतूक खर्च वाचतो. शहराच्या भोवतालचे डोंगर पोखरले गेले, की क्रशर पुढच्या खोऱ्याकडे सरकतो, हे यामागचे साधे अर्थशास्त्र आहे.

नियोजनाचा अधिकार गावापासून किती दूर नेता येतो, याचा नमुनाही याच खोऱ्यात घडलेला आहे. मुळशी आणि वेल्हे तालुक्यांतील मोसे खोऱ्यात लवासा उभे राहिले, तेव्हा २००८ साली शासनाने त्या कंपनीलाच विशेष नियोजन प्राधिकरणाचा दर्जा दिला. बांधणारा तोच आणि परवानगी देणाराही तोच! नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने काम थांबविण्याची नोटीस दिली, पुढच्या वर्षी अटींसह मंजुरी दिली, आणि २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. कंपनीला जो विश्वास सहज मिळाला तो त्या खोऱ्यातील एकाही ग्रामसभेला आजवर मिळालेला नाही. ग्रामसभा अडाणी आहे, तिला नियोजन कळत नाही, असे म्हणणाऱ्यांनी या हिशेबाचे उत्तर द्यावे.

आता रस्त्याचे गणित. शासनाने गौण खनिजावरील स्वामित्वधन २०२१ साली ब्रासमागे चारशे रुपयांवरून सहाशे केले. ब्रास म्हणजे शंभर घनफूट. पाच ब्रासची गाडी भरून गेली, की शासनास तीन हजार रुपये मिळतात. ही झाली जमेची बाजू. खर्चाची बाजू कोणत्याही चलनावर लिहिलेली नसते. रस्त्याच्या अभियांत्रिकीतील मान्य ठोकताळा असा, की आसावरील भार वाढला की रस्त्याची हानी साधारणपणे त्याच्या चौथ्या घाताने वाढते. एक टन भाराच्या आसाने जी झीज होते, तिच्या सुमारे दहा हजार पट झीज दहा टनांचा आस करतो. आमचे ग्रामीण मार्ग बैलगाडी, ट्रॅक्टर आणि दिवसातून चार एस.टी. यांच्यासाठी बांधलेले आहेत. त्यांवरून भरलेले डंपर गेले, की एका पावसाळ्यात डांबर नाहीसे होते. दुरुस्तीचा खर्च जिल्हा परिषद करते, म्हणजे तुम्ही-आम्ही करतो. शाळेची पोरे चिखलातून जातात, बाळंतिणीला दवाखान्यात नेणारी गाडी खड्ड्यांत आदळते, भाताच्या खाचरांवर धूळ बसते. नफा खाजगी आणि तोटा सार्वजनिक, ही भांडवलशाहीची जुनी रीत आमच्या गावरस्त्यावर अशी डंपरच्या चाकांनी कोरली जाते.

शासन म्हणेल, यासाठीच जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे. खरे आहे, २०१५ च्या दुरुस्तीने ते आले आणि खाणबाधितांसाठी खर्च करणे हा त्याचा हेतू आहे. परंतु निधी जिल्ह्याला जमतो आणि निर्णयही जिल्ह्यालाच होतो. शिवाय पुणे जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपल्यावर तीन वर्षांहून अधिक काळ तेथे प्रशासकाचा कारभार चालला. निवडून आलेला सदस्यच नसेल तर फुटलेल्या रस्त्याचा जाब कोणी कोणाला विचारावा?

न्यायालयांनी काही केले नाही असे नाही. २७ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दीपक कुमार प्रकरणात सांगितले, की पाच हेक्टरांहून लहान पट्ट्यांनाही पर्यावरणीय मंजुरी लागेल. मोठ्या क्षेत्राचे लहान तुकडे पाडून मंजुरी चुकविण्याची वाट त्यामुळे अडविली गेली. पश्चिम घाटाविषयी माधव गाडगीळ समितीचा अहवाल २०११ साली आला, कस्तुरीरंगन समितीचा २०१३ साली. त्यानंतर २०१४ ते २०२४ या काळात संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचे सहा मसुदे निघाले. मसुद्यात नव्या खाणींवर बंदी आहे. पण मसुदा हा मसुदाच असतो, आणि दोन मसुद्यांच्या मधल्या काळात सुरुंग थांबत नाहीत.

येथे एका प्रामाणिक आक्षेपाचा विचार केलाच पाहिजे, कारण तो आपल्याच कार्यकर्त्यांकडून येतो. ते म्हणतात, "सर, खाण बंद करा म्हणणे सोपे आहे. गावातल्या चार पोरांनी कर्ज काढून डंपर घेतले आहेत, दहा जण क्रशरवर कामाला आहेत. त्यांच्या पोटाचे काय?" हा प्रश्न टाळून समाजवादी राजकारण करता येणार नाही. दगड नकोच, अशी माझी भूमिका नाही. मी ज्या घरात राहतो त्याच्या भिंतीतही खडी आहे. प्रश्न दगड काढावा की नाही एवढाच नाही. कोणी ठरवावे, किती काढावा, कोठून काढावा आणि त्याचे मोल कोणाच्या पदरी पडावे, हा आहे. डंपरचे हप्ते फेडणारा तरुण मालक दिसतो, परंतु तो ठेक्याचा बांधील आहे. खडीचा भाव तो ठरवीत नाही. क्रशरवरचा मजूर बहुधा बाहेरून आलेला असतो, त्याच्या छातीत धूळ साठते आणि त्याचे नाव हजेरीपटावर असेलच याची खात्री नसते. या दोघांची बाजू घ्यावयाची तर ठेकेदाराला कोरा दाखला देऊन ती घेता येत नाही.

दुसरा आक्षेप शहरातून येतो. गड पाहावयास येणारा सुशिक्षित वर्ग डोंगर वाचविण्याची भाषा बोलतो, पण स्वतःची मोटार गावाच्या दारात लावतो. राजगडाचा समावेश ११ जुलै २०२५ रोजी जागतिक वारशाच्या यादीत झाला. त्याच्या आदल्या वर्षी वेल्हे तालुक्याला राजगडाचे नाव देण्याचा निर्णय झाला होता. आनंदाची गोष्ट आहे. परंतु वारसा म्हणजे केवळ माथ्यावरची तटबंदी नव्हे. त्या तटबंदीला पोसणारी पायथ्याची गावे, त्यांचे झरे, कुरणे आणि वाटा हाही वारसाच आहे. गर्दीचे उत्तरही निव्वळ वाहनतळात नाही. पन्नास माणसे आणणाऱ्या एका एस.टी.च्या जागी बारा-तेरा मोटारी येतात. सुट्टीच्या दिवशी स्वारगेटहून आणि महामार्गावरील नसरापूर फाट्यावरून पायथ्यापर्यंत पुरेशा एस.टी. सोडल्या तर निम्मा प्रश्न सुटेल आणि गावकऱ्यांनाही गाडी मिळेल. ते न करता भाताची खाचरे भरून वाहनतळ करणे, म्हणजे शहराच्या चैनीसाठी शेतीचा आणखी एक तुकडा देणे होय.

मग करावे काय? 'पेसा'मधील पूर्वशिफारशीचे तत्त्व अनुसूचित क्षेत्राबाहेरील प्रत्येक ग्रामसभेला लागू करा, ही आपली पहिली मागणी असली पाहिजे. ज्या रस्त्याने खडी जाते त्याच्या दुरुस्तीची ठेव परवानगीपूर्वीच खाणचालकाकडून घ्यावी, ही दुसरी. स्वामित्वधनाचा ठरावीक हिस्सा खाणीच्या गावाला थेट मिळावा आणि त्याचा जमाखर्च ग्रामसभेत वाचला जावा, ही तिसरी. वाहनतळाच्या वसुलीचा हिशेबही तसाच वाचला जावा आणि ते काम भूमिहीन स्त्रियांच्या बचतगटाकडे असावे, ही चौथी. डॉ. लोहियांनी चौखंबा राज्याची कल्पना मांडली, तेव्हा गाव हा त्यातील एक खांब होता. खांबाने भार वाहावयाचा असतो, हे आपण गावाला पुरेपूर शिकविले. खांबावाचून छप्पर उभे राहत नाही, हे छपराला शिकवावयाचे राहिले.

परंतु कायदा बदलेपर्यंत हात बांधून बसण्याचे कारण नाही. ग्रामसभेची गणपूर्ती मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांपैकी जी संख्या कमी असेल ती आहे. आणि तहकूब झालेल्या सभेला गणपूर्ती लागत नाही, याचा फायदा ठेकेदाराचे हस्तक पुरेपूर घेतात. तो फायदा आपण त्यांना का मिळू द्यावा? खाणीचा विषय आयत्या वेळी घेण्यास लेखी हरकत घ्या. तो विषयपत्रिकेवर आणावयास लावा. त्याआधी होणाऱ्या महिलांच्या सभेत तो मांडा. गटाचा नकाशा, झऱ्यांपासूनचे व घरांपासूनचे अंतर, गाड्यांचा मार्ग आणि रोजच्या फेऱ्या मागा. दाखला द्यावयाचाच तर अटी घालून द्या आणि अटी इतिवृत्तात शब्दशः उतरवून घ्या. "नुसता कागद" म्हणून जो दिला जातो, तोच उद्या गावाची संमती म्हणून कचेरीत वाचला जातो. आणि ज्या गावांत आपले कार्यकर्तेच पंच आहेत, तेथे हा प्रश्न प्रथम आपल्याला विचारला जाईल, हे विसरू नका.

त्या वृद्ध बाईंचा प्रश्न इतिवृत्तात नोंदला गेला नाही. वाहनतळाची फी मात्र नोंदली गेली: मोटारीस पन्नास, दुचाकीस वीस. पुढच्या सभेला त्या बाईंच्या शेजारी आपले वीस-पंचवीस कार्यकर्ते बसलेले असावेत आणि तो प्रश्न पुन्हा विचारला जावा, एवढीच माझी अपेक्षा आहे.