जुनी जीप आणि नवे दागिने

जुन्या वस्तूवर प्रेम करणारी माणसे आमच्या इंदुरात पुष्कळ आहेत. जुनी वस्तू सांभाळणारी त्या मानाने थोडी. हा भेद डोळ्यांनी पाहायचा असेल तर पावसाळ्यातल्या एखाद्या रविवारी चोरलच्या किंवा पाताळपाणीच्या वाटेवर जाऊन उभे राहावे. दहापाच जुन्या जीपगाड्या हमखास दिसतील. टपावर दिव्यांची रांग, पुढे जाडजूड लोखंडी बंपर, चिखल उडवणारी भली मोठी चाके, आणि इंजिनाची कुरकुर ऐकू येऊ नये इतक्या मोठ्याने लावलेले गाणे. थाट पाहून वाटावे की मालक रात्रंदिवस गाडीच्याच सेवेत असतो. पण तीच गाडी उताराला लागली की ब्रेक किंचाळू लागतात, स्टिअरिंग थरथरते आणि मालक मात्र नवे दिवे कुठून आणले ते सांगण्यात रंगलेला असतो.

सांस्कृतिक पानावर जीपगाडीचे काय काम, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे की, नवे घडवणे ही जशी संस्कृती आहे तसेच हाती आलेले नीट चालते ठेवणे हीही संस्कृतीच आहे; आणि या दुसऱ्या गोष्टीकडे आपले फार दुर्लक्ष होते. गाणे शिकवताना हेच रोज दिसते. षड्ज स्थिर झालेला नसतो आणि मुलाला ताना हव्या असतात. मुलाचे आईवडीलही तानांनाच टाळ्या देतात. जीपच्या बाबतीत फरक एवढाच की, बेसूर तानेने कोणाचा जीव जात नाही.

उदाहरणादाखल मारुतीची जिप्सीच घेऊ. डिसेंबर १९८५ मध्ये ती बाजारात आली. सुझुकीच्या जपानी जीपचे हे भावंड. आरंभी तिला ९७० घन सेंटिमीटरचे इंजिन होते. १९९६ च्या ‘किंग’मध्ये ते १३०० च्या घरात गेले, आणि पुढे कार्बोरेटर जाऊन इंधनाची फवारणी आली. २०१८-१९ च्या सुमारास सामान्य गिऱ्हाइकासाठी ही गाडी बंद झाली. त्यामुळे आज हाती येणारी जिप्सी बहुधा वयाने मोठी आणि पुष्कळ चाललेली असते. दोन लाख किलोमीटर ओलांडलेली गाडी मिळाली तर नवल वाटू नये. पण तिची रचना सरळ आहे. शिडीसारखी चौकट, पुढे-मागे पाटे, अखंड ॲक्सल, आणि गिअरबॉक्सपासून वेगळा बसवलेला ट्रान्स्फर केस. सारे उघड्यावर, हाताला लागण्याजोगे. घरच्या अंगणात चार पाने घेऊन बसणाऱ्या माणसाला अशी गाडी आपले गुपित सहज सांगते.

अशी गाडी घरी आणल्यावर पहिले सहा महिने तिच्यात काहीही नवे बसवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. हे सहा महिने तिची प्रकृती समजून घेण्याचे.

सुरुवात ब्रेकपासून करावी. ब्रेकचे तेल हवेतला ओलावा शोषून घेते. वर्षानुवर्षे न बदललेल्या तेलात पाणी मुरलेले असते; भेरूघाटासारख्या लांब उतारावर ते तापले की त्यात वाफेचे बुडबुडे धरतात आणि पेडल एकाएकी मऊ पडून तळाला जाते. हे तेल दर दोन वर्षांनी बदलायला खर्च असा कितीसा येतो? मागच्या ड्रममध्ये आपल्या माळव्याची काळी माती जाऊन बसते, ती उघडून साफ करावी. रबरी नळ्यांना भेगा आहेत का ते वाकवून पाहावे.

मग स्टिअरिंग. ठरावीक वेगाला पुढची चाके थयथयाट करू लागली की लोक चाकांचा तोल साधून घेतात आणि समाधान मानतात. त्याऐवजी चाक जमिनीवरून उचलावे, वर-खाली धरून हलवावे. खेळ जाणवला तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगावे. खेळ नाहीसा झाला तर दोष चाकाच्या बेअरिंगचा. तरीही राहिला तर किंगपिनच्या बेअरिंगचा. ना यंत्र लागते, ना पैसा. लागतो तो शेजारचा एक माणूस.

इंजिनाचेही तसेच. चारही सिलिंडरांचा दाब मोजावा. एखाद्यात तो कमी भरला तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजावा. दाब वाढला तर रिंगा झिजल्या; न वाढला तर बहुधा व्हॉल्व्ह गळतात. टायमिंगचा दातेरी पट्टा मागे केव्हा बदलला हे कोणालाच ठाऊक नसेल तर तो आधी बदलावा. गिअरबॉक्समध्ये हस्तपुस्तिकेत सांगितलेल्याच जातीचे ऑइल घालावे. डिफरन्शियलसाठी बनवलेल्या काही जास्त तिखट ऑइलांतली द्रव्ये गिअरबॉक्सातल्या पितळी कड्यांना खातात. ‘महाग ते चांगले’ हा न्याय येथे लागू नाही.

शेवटी चौकट. पाटे जिथे टांगलेले असतात त्या जागी चिखल साचतो आणि लोखंड आतून कुजते. वरून रंग चकचकीत असतो. अशा जागी हलक्या हातोडीने ठोकत जावे. निकोप लोखंड खणखणते, सडलेले भदभदते. कान जरा तयार असला तर रंगाखालचे खोटे लपत नाही.

एवढे झाल्यावर सुधारणेची भाषा करावी. आणि तेव्हाही विचारावे की, या सुधारणेने गाडीचे मूळ काम सुधारते की नुसता देखावा? मोठ्या चाकांचे पाहा. किंगचे टायर २०५/७० मापाचे, पंधरा इंची रिमवर. त्यांचा व्यास भरतो सुमारे ६६८ मिलिमीटर. हौशी लोक २३५/७५ मापाचे चढवतात. त्यांचा व्यास ७३३ च्या पुढे, म्हणजे जवळजवळ दहा टक्के जास्त. परिणाम असा की, काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी ६६ ने धावत असते. चाकाला मिळणारी ओढ तितकीच घटते, म्हणजे ज्या चढासाठी ही चाके घातली त्याच चढावर इंजिन आधीपेक्षा लवकर दमते. थांबवण्यासाठी ब्रेकवर भार वाढतो तो निराळाच. त्यातून गाडी उंच केली की प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलून त्याचे क्रॉस लवकर झिजतात, आणि मुळातच अरुंद असलेली ही गाडी आडव्या उतारावर कलंडायला अधिक राजी होते.

याउलट काही सुधारणा अगदी साध्या, पण गुणाच्या. जुन्या बटणातून आणि बारीक तारांतून जाताना विजेचा जोर कमी होतो, म्हणून मूळचे दिवे मिणमिणतात. दोन रिले बसवले की तेच दिवे लख्ख लागतात. टपावर रांग लावावी लागत नाही. तापलेला ॲक्सल थंड ओढ्यात उतरला की आतली हवा आक्रसते आणि श्वासनळीतून पाणी ओढले जाते. पुढे ऑइल दुधासारखे पांढरे होते आणि बेअरिंगे जातात. ही नळी लांबवून उंचावर नेऊन बांधली की काम झाले. हातभर रबरी नळीची ही सुधारणा कोणाच्या छायाचित्रात दिसत नाही, म्हणूनच बहुधा ती कोणी करत नाही.

आता ज्या मुद्द्यासाठी हा प्रपंच केला त्याकडे येतो. जुन्या गाड्यांचे दिवस सध्या कठीण आहेत. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे तपासणी होऊन पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. या नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० झाले, आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारीसाठी १०,००० ठरले. दिल्लीच्या परिसरात दहा वर्षांवरील डिझेल व पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवरील बंदी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली उचलून धरली. तो प्रश्न पुढेही न्यायालयात गाजत राहिला. या साऱ्याच्या मुळाशी एकच कल्पना आहे: गाडी वयावरून जोखावी.

मला ही कल्पना मान्य नाही. तंबोऱ्याचे वय कोणी विचारत नाही. जवारी नीट लागली आहे का, भोपळ्याला चीर नाही ना, एवढेच पाहतात. गाडीलाही प्रकृतीवरून जोखावे. ब्रेक तपासा, धूर तपासा, चौकट तपासा. नापास झाली तर खुशाल रस्त्यावरून काढा, मग ती सात वर्षांची का असेना.

दुसरी बाजूही खोटी नाही. कार्बोरेटरची गाडी कितीही जपली तरी तिचा धूर २०२० नंतरच्या भारत स्टेज ६ गाडीइतका स्वच्छ व्हायचा नाही. म्हणून जुनी जीप भाजी आणायला आणि मुलांना शाळेत सोडायला रोज गावातून फिरवू नये. तिचे काम आडवाटेचे, तिथेच तिला न्यावे. पण महिन्यातून दोनदा बाहेर पडणारी, नीट राखलेली गाडी भंगारात घालून तिच्या जागी नवी घडवायची, तर त्या नव्या गाडीच्या पोलादाचा आणि कोळशाचा हिशेबही कोणीतरी मांडायला हवा.

मात्र हे म्हणण्याचा अधिकार आम्हा जुन्या गाड्यांच्या कैवाऱ्यांना कोणी फुकट देणार नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सांगते की, नोंदणीत लिहिलेला तपशील कारखान्याच्या मूळ रचनेपासून वेगळा पडेल असे फेरफार करता येत नाहीत; सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठामपणे बजावले. तरीही रविवारी घाटात दिसणाऱ्या गाड्यांत मूळ रूपात उरलेल्या किती? दागिन्यांनी मढलेली, ब्रेक निकामी झालेली एकच जीप दरीत गेली की ‘जुन्या गाड्या धोक्याच्या’ हे म्हणणाऱ्याच्या हाती आयता पुरावा पडतो. जुन्या गाडीचा खरा वैरी सरकारी कचेरीत कमी आणि तिच्याच मालकाच्या हौसेत जास्त, असे मला वाटते.

घरी काम करायचे म्हणजे सगळेच घरी करायचे, असाही अर्थ कोणी घेऊ नये. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. खाली भक्कम स्टँड आणि चाकांना ठोकळे हवेतच. काढलेले ऑइल गटारात ओतू नये. स्वच्छतेचा एवढा अभिमान बाळगणाऱ्या शहराला कान्ह नदीची दशा निराळी सांगायला नको. चौकटीचे वेल्डिंग आणि डिफरन्शियलच्या दातांची जुळणी मात्र जाणत्या मिस्त्रीकडेच द्यावी. आवाज ऐकून दोष सांगणारे मिस्त्री आता थोडे उरले आहेत, आणि त्यांच्या हाताखाली शिकायला पोरे येत नाहीत. त्याचे कारण उघड आहे: दिव्यांच्या रांगेला वीस हजार मोजणारा गिऱ्हाईक मिस्त्रीच्या मजुरीत दोनशेसाठी घासाघीस करतो. गवयाला बिदागी देताना आपण हिशेब करत नाही. कारागिराच्या विद्येलाही तोच मान हवा.

ज्यांच्या दारात अशी एखादी जुनी जीप उभी आहे त्यांना एकच विनंती. सियागंजातून येताना दिव्यांआधी एक जाड वही आणावी. ऑइल केव्हा बदलले, ब्रेक केव्हा उघडले, कोणत्या चाकाला किती खेळ निघाला, हे तारखेनिशी तिच्यात लिहावे. आणि नूतनीकरणाच्या वेळी ती वही गाडीबरोबर तपासणीला न्यावी. अधिकारी ती उघडून पाहील की नाही सांगता येत नाही. पण अशा शेकडो वह्या गावोगाव तयार झाल्या, तर वयाऐवजी प्रकृती पाहा, ही मागणी करताना आपल्याजवळ दाखवायला काहीतरी असेल. आज नुसते दिवे आहेत.